बीटवरच्या बाईंना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात महिला हवालदार आहे. माझ्या बीटात, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागात, बाजाराचं एक गाव, सात वाड्या आणि तीन तांडे येतात. बचत गटाच्या बैठकीत, शाळेत, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर, संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायका मला जे विचारतात, तेच प्रश्न इथे लिहिले आहेत. प्रश्नांचे शब्द शक्यतो त्यांचेच ठेवले. शेवटच्या प्रश्नाआधीचे दोन मात्र नव्याने भरती झालेल्या मुलींचे आहेत.

गुन्हा झाला की पोलीस येतात हे माहीत आहे. काहीच झालेलं नसताना तुम्ही आमच्या गल्लीत कशाला येता?

एखाद्या घरात बाईचा जीव जातो. आम्ही पंचनाम्याला जातो तेव्हा शेजारणी हळूच सांगतात, "दोन वर्षांपासून रात्री आवाज यायचा हो." तो आवाज अख्ख्या गल्लीने ऐकलेला असतो, ठाण्यापर्यंत मात्र आलेला नसतो. मुलीच्या अंगावर हात टाकणारा पोरगा त्याआधी महिनाभर एसटीच्या थांब्यावर उभा असतो. घरफोडीच्या आधी नंबरप्लेट नसलेली मोटरसायकल भर दुपारी दोन-तीनदा त्याच बोळातून गेलेली असते.

हे सगळं दिसतं ते तुम्हाला. आम्हाला दिसत नाही, कारण एवढ्या मोठ्या बीटाला आम्ही दोघंच अंमलदार. बंदोबस्त, समन्स, कोर्ट, व्हीआयपी दौरे यातून उरलेल्या वेळात आम्ही कितीही गस्त घातली तरी तुमच्या खिडकीइतकं आम्हाला दिसणार नाही. तुम्ही पाहिलेलं वेळेत माझ्यापर्यंत यायचं असेल, तर तुम्हाला माझा चेहरा आधीपासून ओळखीचा हवा. म्हणून मी काही झालेलं नसताना येते.

मी सांगितलं तर माझं नाव बाहेर येणार नाही ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि यात माझी एक चूक आहे ती आधी सांगते.

बीट नवीन मिळालं होतं. एका बाईने मला हातभट्टीची माहिती दिली, छापा पडला, माल नष्ट केला. दुसऱ्या दिवशी मी गणवेशात तिच्या दारात जाऊन तिचे आभार मानले. मनात चांगलंच होतं. पण गल्लीने मला तिच्या उंबऱ्यावर पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत भट्टीवाल्याला कळलं की कोणी सांगितलं. आठ दिवस तिच्या घरासमोर शिव्यांचा पाऊस पडत होता. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मी दिसले की दार लावून घ्यायची, एवढंच. त्या गल्लीतून मला पुढे दीड वर्ष एक अक्षर कळलं नाही. त्या दीड वर्षात तिथे जे काही घडलं, त्याचा थोडा भार माझ्यावर आहे असं मी मानते.

तेव्हापासून मी कुठल्याही एका घरी जात नाही. गल्लीत गेले की ओळीने सगळ्यांकडे जाते, निदान दारातून विचारपूस तरी करते. कोणाला एकटीला बोलायचं असेल तर लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत भेटते, कारण तिथे बाई येण्याला शंभर कारणं असतात. माझ्या वहीत खबर असते, खबर देणारीचं नाव नसतं.

आता खरी मर्यादाही सांगते. तुम्ही नुसती माहिती देत असाल तर नाव कुठेच लागत नाही. पण तुम्ही स्वतः फिर्यादी असाल तर फिर्यादीत तुमचं नाव येतं, आणि आरोपीला ती प्रत मिळते. याला अपवाद बलात्कारासारख्या लैंगिक गुन्ह्यांचा. तिथे पीडितेची ओळख छापणं किंवा पसरवणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायदाही तेच सांगतो. व्हॉट्सॲपच्या गावातल्या ग्रुपवर नाव टाकणारालाही हे लागू आहे.

नवऱ्याला आत टाकू नका, नुसता दम द्या. एवढं कराल का?

दर आठवड्याला कोणीतरी हे मागतंच. मागणाऱ्या बाईची अडचण मला कळते: तो आत गेला तर रोज कोण कमावणार, सासू काय म्हणेल, पोरांच्या शाळेचं काय.

पण मी माझ्या अनुभवाचं सांगते. दम आठवडाभर टिकतो. दोन पोलिसांसमोर मान खाली घातलेला माणूस घरी जाऊन तो अपमान बायकोवरच काढतो. म्हणून मी नुसता दम देऊन कधी परतत नाही. दम द्यायची वेळ आलीच, तर त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने मी त्या गल्लीत असते. वर सांगितलं तसं, सगळ्यांच्या घरी जात जात.

तुमच्याकडे दम आणि जेल यांच्या मधला रस्ताही आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तुम्ही संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकता. मारहाण करू नये असा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा हे मॅजिस्ट्रेटकडून मिळतं, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. हे सगळं तुम्हाला सांगणं हे पोलिसाचं कर्तव्य म्हणून त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलेलं आहे. बाईला विधी सेवेकडून वकील फुकट मिळतो, तिची कमाई किती आहे हे न बघता. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा, मी सोबत येते.

"संसार आहे, जुळवून घे ताई" हे वाक्य माझ्या खात्यातल्या माणसांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे, बायकांच्या तोंडूनही. गणवेशातल्या माणसाने हे म्हटलं की त्या बाईचं शेवटचं दार बंद होतं. पुढच्या वेळी ती येत नाही, थेट तिची बातमी येते.

आमची नुसती एनसी घेतली आणि परत पाठवलं. एनसीने काय होतं?

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ मारहाण, धमकी असे गुन्हे बहुतेक यात बसतात. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं की कागद घेऊन तोंडाला पानं पुसली.

पण तो कागद फेकू नका. एकाच माणसाविरुद्ध तीन एनसी झाल्या, तर मी त्या पुढे ठेवून चॅप्टर केसचा प्रस्ताव करू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली त्याला तहसीलदारांसमोर उभं राहून शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून द्यावा लागतो, जास्तीत जास्त एक वर्षाचा. हे गुन्हा होण्याआधीचं हत्यार आहे आणि ते तुमच्या त्या साध्या कागदावर चालतं. बांधावरून, नळावरून, सांडपाण्यावरून धुमसणाऱ्या कितीतरी भांडणांत कोयता निघायच्या आधी हे कामाला आलं आहे.

एक लक्षात ठेवा. विनयभंग आणि पाठलाग हे दखलपात्र गुन्हे आहेत. त्याची कोणी एनसी घेऊन बोळवण करत असेल, तर ती मान्य करू नका.

"ही आमची हद्द नाही" असं म्हणाले तर?

१ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर तुम्ही ज्या ठाण्यात गेलात तिथे नोंद व्हायला हवी. मग तो गुन्हा झिरो नंबरने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. नोंदीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंद घ्यायला नकार दिला तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मोबाइलवरून किंवा ई-मेलने तक्रार दिलीत तर तीन दिवसांत येऊन सही करावी लागते.

जबाबासाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येतं का? रात्री नेतील का?

साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला तिच्या राहत्या घराबाहेर कुठेही यायची सक्ती नाही. पोलिसाने घरी यायचं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. फारच अपवादात्मक प्रसंग असला तर महिला अधिकाऱ्यानेच, आणि लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन.

मुलगी घरी आली नाही. चोवीस तास थांबायचं असतं ना?

नाही. एक तासही नाही. असा कुठलाच नियम नाही, तरी तो घराघरांत पाठ आहे. अठराच्या आतलं मूल, मुलगी असो की मुलगा, हरवलं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवूनच शोध सुरू करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलेलं आहे. पहिल्या काही तासांत ती एसटी स्टँडवर असते, उद्या सकाळी ती दुसऱ्या राज्यात असते. "गेली असेल कोणाबरोबर" असं कोणी ठाण्यात म्हणालं तर मला फोन करा.

आम्ही ऊसतोडीला जातो. वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून लग्न लावून देतो. यात गुन्हा काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईला मी गुन्हेगार समजत नाही. दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांमध्ये राहायचं. पहाटे तीनला उठून फडात जायचं. मुलीला सोबत नेलं तर कोपीला दार नाही, मागे ठेवलं तर म्हातारी आजी एकटी. त्यात मुकादमाची उचल डोक्यावर, आणि जोडीने कोयता चालवला तर उचल जास्त मिळते, म्हणून लग्नाची घाई. आईची भीती खरी आहे. तिने काढलेला उपाय मात्र पोरीच्या जिवावर उठतो.

कायद्याने मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणारे, ठरवणारे, भटजी, मंडपवाले, सगळेच सापडू शकतात. आपल्याकडे गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो.

पण मांडवात जाऊन लग्न थांबवलं की माझं काम झालं, असं मला आता वाटत नाही. सुरुवातीला वाटायचं. एकदा हळद लागलेली असताना लग्न थांबवलं, आईबापाकडून हमीपत्र घेतलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पंधरा दिवसांनी त्याच मुलीचं लग्न शेजारच्या जिल्ह्यातल्या एका देवळात लावून दिलं गेलं. त्या घरातली भीती मी तशीच ठेवून आले होते.

आता मी दसऱ्याच्या आधीच तांड्यावर जाते. आशाताई, अंगणवाडीताई आणि शाळेतल्या बाई बरोबर असतात. कोण कोण तोडीला जाणार, मागे कोणत्या मुली राहणार, रात्री त्या कोणाजवळ झोपणार, हे आम्ही बसून ठरवतो. शाळेच्या हंगामी वसतिगृहात नाव घालता येतं का ते बघतो. मागे राहिलेल्या प्रत्येक मुलीकडे माझा नंबर असतो आणि महिन्यातून दोनदा मी तिच्या आजीकडे चहाला जाते. गावातल्या टवाळ पोरांना हे येणंजाणं दिसतं, आणि ते दिसावं अशीच माझी इच्छा असते. फडावरून आई फोन करून विचारते, "मॅडम, पोर बरी आहे ना?" त्या फोनला मी नेहमी उत्तर देते, बंदोबस्तात असले तरी.

असं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला सांगा. नाव विचारलं तरी द्यायची सक्ती नाही.

शाळेत खाकी घालून गेलात तर मुलं घाबरणार नाहीत का?

पहिल्या दिवशी घाबरतात. याला आम्ही मोठी माणसंच जबाबदार आहोत. "जेव, नाहीतर पोलीस घेऊन जातील" असं आपण दोन वर्षांच्या लेकराला सांगतो, आणि मग अकराव्या वर्षी त्याच्यावर काही ओढवलं की पोलिसाकडे जायची त्याची छाती होत नाही. कृपा करून हे वाक्य घरातून काढून टाका.

शाळेत मी भाषण देत नाही. काठी, शिट्टी, वायरलेस हातात देते, ते कसं चालतं ते दाखवते, मुलांना बोलू देते. चांगला-वाईट स्पर्श वगैरे तिसऱ्या-चौथ्या भेटीत. तक्रारपेटी ठेवतो, पण ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर ठेवली की रिकामी राहते. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात हलवल्यावर त्यात चिठ्ठ्या येऊ लागल्या.

आणि एखाद्या मुलाचा जबाब घ्यायची वेळ आली तर खाकी घालायचीच नाही. पॉक्सोच्या कलम २४ मध्ये तसं लिहिलेलं आहे: मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो फौजदार किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत. आमच्या मॅडम तेव्हा साडी नेसून येतात आणि आधी अर्धा तास त्या लेकराबरोबर सागरगोटे खेळतात.

गावातच मिटवलं तर काय बिघडलं? तंटामुक्ती समिती आहे की.

बांध, वाट, पाण्याची पाळी, उसनवारी हे गावात मिटलेलंच बरं. १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून कितीतरी गावांत जुनी भांडणं पारावर संपली, हे मी पाहिलं आहे. पोलीस पाटील चांगला असेल तर माझं निम्मं काम तोच करतो.

पण बाईवरचा अत्याचार आणि लेकरावरचा अत्याचार पारावर येता कामा नये. तिथे बसलेले पंधरा जण पुरुष, त्यात आरोपीचा चुलता, आणि ती मुलगी आईच्या पदराआड उभी. अशा ठिकाणी "मिटलं" याचा अर्थ तिला गप्प केलं, एवढाच निघतो. पैसे देऊन तडजोड झाली म्हणून पॉक्सोचा गुन्हा नाहीसा होत नाही, आणि असा गुन्हा माहीत असून न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे.

चोरी झाली की आधी आमच्याच वस्तीवर येता. मग आम्ही तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?

हे मला पारधी वस्तीवरच्या एका आजीने विचारलं. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त झाल्या. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण ठाण्यातल्या सवयी एवढ्या लवकर पुसल्या जात नाहीत. विश्वास आधी आमच्या बाजूने सुरू व्हायला हवा, कारण तो तोडलाही आमच्याच बाजूने. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं की पुरावा नसताना त्या वस्तीवर शोधाला जायचं नाही. जायचं ते जातीच्या दाखल्यासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला. दोन वर्षांनी त्याच आजीने मला बोलावून वस्तीतल्या एका मुलीला फसवून नेणाऱ्या दलालाचं नाव सांगितलं.

लोकांना सोबत घेतल्याने दंगलसुद्धा थांबते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. भिवंडी १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं शहर. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसं बीटवरच्या पोलिसाबरोबर नियमित बसायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की बैठका दंगल नसताना चालू होत्या.

सासऱ्यांना "पोलीस" म्हणून व्हिडिओ कॉल आला, डिजिटल अटक म्हणाले. खरं असतं का?

साफ खोटं. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कुठलीही तरतूद कायद्यात नाही. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त. आणि म्हाताऱ्या माणसाला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवतील.

सगळ्या महिला पोलिसांचं वेगळं ठाणं झालं तर बरं नाही का?

देशातलं पहिलं महिला पोलीस ठाणं केरळात कोझिकोडला १९७३ मध्ये झालं, त्यालाही आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्याचा उपयोग आहेच. पण तालुक्याच्या गावी एकच महिला ठाणं असून तिथे जायला दोन एसट्या बदलाव्या लागत असतील, तर मार खाल्लेली बाई तिथे पोचणार नाही. मला विचाराल तर प्रत्येक बीटात एक बाई हवी, आणि तिला फक्त महिला कक्षात किंवा झडतीपुरतं बसवून ठेवू नये. पुरुष अंमलदारांतही मन लावून ऐकणारे आहेत. माझा बीटचा जोडीदार त्यातलाच, आणि काही बायका माझ्यापेक्षा त्याच्याशी मोकळं बोलतात.

ताई, मला भरतीनंतर नुकतंच बीट मिळालंय. सुरुवात कुठून करू?

चालत जा. गाडीतून उतरलीस नाहीस तर तुला गल्ली कळणार नाही. पहिला महिना काही विचारू नकोस, ओळख करून घे: आशाताई, अंगणवाडीताई, पिठाची गिरणी, रेशन दुकान, पार्लर. पिठाच्या गिरणीत बायका जेवढं बोलतात तेवढं कुठेच बोलत नाहीत.

कोणी बारकं काम सांगितलं, खांबावरचा दिवा बंद आहे, शाळेच्या वाटेवर दारूडे बसतात, तर ते आधी कर. आणि झालं की परत जाऊन सांग. झालं नाही तरी परत जाऊन सांग की का झालं नाही. आपलं खातं इथेच कमी पडतं. लोक म्हणतात, "सांगून काय उपयोग?", कारण सांगितल्यावर पुढे काय झालं हे त्यांना कोणी कळवलेलंच नसतं. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवावं असं आता कायद्यातच आहे, पण तू नव्वद दिवसांची वाट पाहू नकोस.

कोणाच्या घरचं फुकट काही घेऊ नकोस. चहा, पाणी ठीक. भाजीसुद्धा नको.

घरचं सांभाळून हे जमतं का?

नेहमी जमत नाही. माझ्या मुलाच्या दहावीच्या वर्षी मी त्याच्याजवळ फार कमी होते आणि ते मला लागून आहे. ज्या ठाण्यात ड्युटीचे तास आखलेले असतात तिथल्या मुली बीट चांगलं सांभाळतात. सोळा तास उभी राहिलेली बाई कोणाचं दुःख नीट ऐकू शकत नाही, हे वरिष्ठांनीही ध्यानात घ्यायला हवं.

तुमची बदली झाली की आम्ही कोणाकडे जायचं?

बदली होणारच, पुढच्या वर्षी माझी मुदत भरते. म्हणून सहा महिने आधीपासून मी नव्या मुलीला सोबत फिरवायला सुरुवात केली आहे. तांड्यावरच्या आज्यांना तिचं नाव पाठ झालं आहे. गल्लीत आता ती पुढे चालते, मी मागे. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, लसीकरणाच्या दिवशी, सकाळी दहा ते एक ती उपकेंद्रात असते. तातडीचं असेल तर कधीही ११२.